चार वाजून दहा मिनिटांचा फोटो

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार तूर्त राखून ठेवलाय. तुझं उत्तर आलं की घालायचा की नाही ते ठरवीन.

फोनच केला असता, पण तुझा आवाज नेमका अडचणीच्या वेळी तुटतो. "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये" म्हणून तू सुटतोस आणि मी इकडे बंद फोनवर ओरडत बसते. कागदाचं तसं नसतं. म्हणून पत्र.

काल तुझ्या लेकीने मला तिचा शाळेचा प्रकल्प पाठवला. 'आमच्या घरातला एक जुना फोटो' असा विषय. पोरीने मेहनत घेतलीय, अक्षर मोत्यासारखं आहे, तुझ्यावर गेलेली नाही. मी लॅबमध्ये होते, चहाची सुट्टी होती, बाकीच्या पोरींना कौतुकाने दाखवत दाखवतच उघडला. फोटो तोच, आपल्या बाहेरच्या खोलीतला. त्याच्याखाली तिने लिहिलंय: 'मधे चंदेरी रंग लावून उभे आहेत ते माझे आजोबा. परदेशात त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते चौकात पुतळा होऊन उभे राहायचे. कोणीही त्यांना हलवू शकत नसे. ही गोष्ट बाबा मला मी लहान असल्यापासून झोपताना सांगतात.'

माझ्या बाजूची पोरगी म्हणाली, "अय्या ताई, हे तुमचे वडील? कधी सांगितलं नाहीत!"

मी म्हटलं, "विषय निघाला नाही कधी."

आणि कप ठेवून आत गेले, पुढच्या माणसाच्या दंडाला रबर बांधलं, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लॅबमध्ये पहिल्यांदा माझी सुई चुकली. तो बिचारा म्हणाला, असू दे, होतं असं.

फोटो तुझ्या डोळ्यांपुढे असेलच, तूच काढलेला. तरी लिहिते, कारण कालपासून मी तो नव्याने बघतेय आणि आपण दोघं एकाच फोटोबद्दल बोलतोय याची मला खात्री करून घ्यायचीय. परक्या गावातला दगडी चौक. डावीकडे आई, लांब कोटात, नजर खाली. उजवीकडे मी, नववा वाढदिवस, फ्रॉकवर ही एवढी फीत. मधे खोक्यावर एक चंदेरी माणूस. टोपी, कोट, हातात उघडी छत्री, टाय मागे उडालेला, जसा काही समोरून सोसाट्याचा वारा येतोय. डोळे सरळ समोर. मागे घड्याळाचं दुकान, तिथल्या मोठ्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, आईच्या पायाशी, बाबांचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला. तो आईने परत आल्यावर लावला. घरच्या फोटोत घरचा माणूस नाही हे बरं दिसत नाही म्हणून. येणारेजाणारे हसायचे, म्हणायचे, बघा, वहिनी फोटोतसुद्धा भाऊंकडेच बघतायत.

आपण सगळे हसायचो. तूही हसायचास. आता कळतंय की तू वेगळ्याच गोष्टीला हसत होतास.

त्या दिवशी सकाळी बाबा मला काय म्हणाले होते ते आठवतं? "ठिणगे, चार वाजता चौकात येतो. नक्की." आले नाहीत. त्यानंतर अडतीस वर्षं मी त्यांना ते घड्याळ दाखवत आले. पट्टी घेऊन, वकिलासारखी. "हे बघा, चार दहा. कुठे होता तुम्ही?" दहावीचा निकाल लागला तेव्हा दाखवलं, लग्न मोडून परत आले तेव्हा दाखवलं, नोकरीत बढती मिळाली आणि ते पेढेवाटपाला उशिरा पोचले तेव्हाही दाखवलं. "तुमचं असंच. चार दहा." आपल्या घरात तो वाक्प्रचारच झाला होता. आणि तू, सुट्टीला आलेला, सोफ्यावर पाय पसरून ते ऐकायचास.

मला एवढंच कळव, हे खरं आहे का. आणि खरं असेल तर तुझ्या तेरा वर्षांच्या पोरीला अंगाईगीतासारखं पाठ असलेलं मला का माहीत नव्हतं. बाबांना विचारायची सोय राहिली नाही. शेवटचे चार दिवस तर ते काही बोललेच नाहीत, हे तुला मी तेव्हाच सांगितलं होतं.

तुझी बहीण (सध्या तरी)

१७ फेब्रुवारी

दादा,

चौदा दिवस झाले. तुझ्याकडून एक ओळ आली, तीही फोनवर: 'पत्र मिळालं. सविस्तर लिहितो.' नोकरीच्या अर्जाला असं उत्तर देतात. बहिणीला नाही.

तुला वेळ लागतोय तोवर मी सविस्तर लिहिते.

सहा वर्षं बाबा माझ्याकडे होते. तुझ्याकडे नव्हते, यावरून मी भांडत नाही. तुझं घर दूर, हवा थंड, त्यांना जमलं नसतं, हे सगळं मान्य आहे. पैसे पाठवायचास, वर्षातून एकदा यायचास, येताना माझ्यासाठी कधी न लागणाऱ्या आकाराचे बूट आणायचास. तेही मान्य. पण सहा वर्षं सकाळी त्यांचं तोंड मी धुतलं. कानामागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत. ज्या चेहऱ्यावर तो रंग होता तो चेहरा मी दोन हजार वेळा पुसलाय आणि मला त्याबद्दल शष्प माहीत नव्हतं.

दर पंधरा दिवसांनी रक्त मीच घ्यायचे. शेवटी शेवटी शिरा सापडेनात. दोनदा, तीनदा टोचावं लागायचं. दुसरा कोणी असता तर मला शिव्या घातल्या असत्या. बाबा हूं नाही की चूं नाही. मी करवादायचे, "अहो, दुखलं तर सांगा तरी! काय पुतळ्यासारखे बसता?" पुतळ्यासारखे. हे मी माझ्या तोंडाने म्हटलंय, एकदा नाही, पन्नासदा. एकदा तर तू समोर होतास. तू चटकन उठून पाणी प्यायला गेलास. मला वाटलं, रक्त बघवत नाही तुला.

आणि एकदा, मी कापूस दाबून धरलेला असताना, म्हणाले, "तुझा हात आता हलका झालाय."

मी म्हटलं, "आता म्हणजे? आधी कधी जड होता?"

"होता. थोडा."

आणि खिडकीकडे बघून हसले. मला वाटलं, नव्याने शिकत होते तेव्हाचं म्हणत असतील. तेव्हा घरातल्या सगळ्यांचे दंड मी काळेनिळे केले होते.

आता ते मला कळलंय. आणि कळलंय म्हणून एक गोष्ट लिहावी लागतेय जी मी कोणाला सांगितलेली नाही. आईला नाही, जो चार वर्षं माझा नवरा होता त्यालाही नाही.

फ्रॉकची ती फीत आईने सेफ्टी पिनने लावली होती. चार वाजले, बाबा आले नाहीत. आई म्हणाली, येतील ग, दमलेले असतात. तू म्हणालास, चल, त्या पुतळ्याजवळ फोटो काढू. मला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. तो चंदेरी माणूस तसाच उभा. सगळी पोरं त्याला हसवायला बघत होती, कोणी जीभ काढत होतं, कोणी गुदगुल्या करत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, यालाही मी दिसत नाही. मी पिन काढली, मागे गेले आणि त्याच्या पोटरीत खुपसली. टेकवली नाही, दादा. खुपसली. आतपर्यंत गेलेली मला बोटाला कळली.

तो हलला नाही. छत्रीसुद्धा हलली नाही.

मग मी पुढे येऊन उभी राहिले आणि तू फोटो काढलास. माझ्या त्या चेहऱ्याला सगळे खट्याळ म्हणतात. आत्या तर म्हणायची, ठिणगी हे नाव शोभतं हिला. तो हरलेला चेहरा आहे. मी रोज सत्तर माणसांना सुया टोचते आणि सत्तरच्या सत्तर जण मला म्हणतात, बाई, कळलंसुद्धा नाही. ज्याला कळलं त्याने ब्र काढला नाही.

हे तुला माहीत होतं का? तू तर कॅमेऱ्यातून बघत होतास.

लिही. नाहीतर मी तिकीट काढून तिथे येईन आणि तुझ्या दारात उभी राहीन, आणि मला उभं राहायची सवय नाही, मी बडबडेन.

बहीण

८ मार्च

दादा,

पत्र आलं. चार पानं. तू शाळेत निबंध लिहायचास तसंच आहे, प्रस्तावना मोठी आणि मुद्दा शेवटी.

'कारखाना पाचव्या महिन्यातच बंद पडला. एवढा गाजावाजा करून कुटुंब घेऊन आलेला माणूस परत काय तोंड घेऊन जाणार? आईला तर अजिबात कळू द्यायचं नव्हतं.' हे तू तीन ओळींत उरकलंस. मग कोटाची माहिती पाऊण पान. टायमध्ये तार घातली होती, कोटाची टोकं खळ लावून कडक केली होती, छत्रीच्या काड्या एक एक करून मागे वाकवल्या होत्या. फिटरचा हात! रंग स्टेशनच्या न्हाणीघरात तेल चोळून काढायचे. आपण म्हणायचो ना, आज बाबांच्या अंगाला तेलाचा वास येतोय, मशीनवर काम जास्त असणार. तेच ते तेल. हे वाचताना मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की मी लॅबमधल्या पोरीला बोलावून वाचून दाखवलं. दोन मिनिटं बरी गेली. मग पुढचं पान उलटलं.

तुला आधीच माहीत होतं. शाळा चुकवून भटकत असताना तू त्यांना पाहिलंस आणि बूट ओळखलेस. रंगवलेले असले तरी त्यांच्या चालीने झिजलेले. त्यांनी तुला शपथ घातली. ठीक. तेरा वर्षांच्या पोराने बापाची शपथ पाळली, मला त्यात दोष दिसत नाही. पुढे लिहितोस: 'तिथल्या शेजाऱ्यांचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळाला होता. मीच तुम्हाला त्या चौकात त्या बाजूला नेलं. मला वाटलं, एक तरी फोटो चौघांचा हवा.'

चौघांचा! कॅमेरा तुझ्या हातात होता, म्हणजे फोटोत तिघंच आली. गणितात तू कच्चा तो कच्चाच.

हे वाचून मला हसू आलं आणि मग हसू आल्याचा राग आला. कारण त्याच्या पुढच्या ओळीत आहे ते. पिन तू पाहिलीस. त्या संध्याकाळी बाबांना लंगडताना पाहिलंस. विचारलंस, तिला सांगू का? आणि ते म्हणाले, "नको. चिडलेली पोर मला चालेल. ओशाळलेली नको."

हे वाक्य मी आठ दिवस चघळतेय.

काय चांगलं वाक्य आहे! कोणालाही डोळ्यांत पाणी येईल. तुलाही आलं असणार, कागदावर त्या जागी डाग आहे, की चहाचा आहे? पण ते वाक्य नऊ वर्षांच्या मुलीसाठी होतं. मी एकोणीसची झाले, एकोणतीसची झाले, चाळिशी ओलांडली, चष्मा लागला. पोर राहिले होते का मी? कोणी मला विचारलं का, बाई ग, तुला चिडायचंय की ओशाळायचंय? दोघांनी मिळून माझ्या वतीने ठरवून टाकलं. अळीमिळी गुपचिळी, आणि मधे मी, दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर, फोटोतल्या घड्याळाकडे बोट दाखवत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाप मधोमध उभा आहे आणि मी विचारतेय, कुठे होता तुम्ही.

तुझी लेक तुझ्यापासून लांब नव्हती, तिला सांगितलंस. विचारलं तर लिहितोस, 'ती काय, तिला गोष्ट म्हणूनच सांगितली.' अरे वा! शपथेत पळवाट होती तर! मग मलाही गोष्ट म्हणूनच सांगायची होतीस. मला गोष्टी आवडतात.

आणि कळस म्हणजे हे: 'तुला सांगायची हिंमत झाली नाही. तुझ्या रागाची भीती वाटते.' चोराच्या उलट्या बोंबा. मला चिडलेली ठेवायची म्हणून घरादाराने चाळीस वर्षं झटायचं, आणि मग म्हणायचं, बाई फार चिडते.

शेवटी तुझ्या दोन मागण्या. एक, मूळ फोटो पाठव, शाळेत मोठा करून लावणार आहेत. मिळणार नाही. दोन, 'शेवटी बाबा काही बोलले का ग? माझ्याबद्दल, त्या दिवसांबद्दल?'

नाही म्हटलं ना एकदा.

बहीण

२३ मार्च

दादा,

फोटो पाठवणार नाही म्हटलं होतं. पाठवणार नव्हतेच. पण काचेवर उजेड पडतो आणि मला बाबांचा चेहरा भिंगाखाली नीट बघायचा होता, म्हणून शनिवारी फ्रेम काढली आणि दवाखान्यासमोरच्या फ्रेमवाल्याकडे नेली. म्हातारा आहे, कानाने कमी ऐकतो, पण हात सावकाश आहे. त्याने मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा काढला, फोटो काचेवरून सोडवला आणि कोपऱ्यावर नख ठेवून म्हणाला, "बाई, हा छोटा फोटो राहू द्यायचा का काढायचा?"

मी म्हटलं, "काढा. त्याची आता गरज नाही."

"हे दुकानातलं काम नाही. घरी खळीने लावलंय. आणि चारी बाजूंनी पक्कं. असं कोणी लावत नाही, नुसतं फटीत खोचतात."

"निघेल का?"

"निघेल, पण खालचं खरवडून येईल."

"द्या इकडे," मी म्हटलं. "माझा हात हलका आहे."

कोमट पाण्याचा कापूस धरून मी पाऊण तास बसले होते. गिऱ्हाइकं आली, गेली. आधी एक कड सुटली, मग दुसरी. बाबांचा पासपोर्ट फोटो अख्खा निघाला, तो मी रुमालात ठेवला. आणि खाली काय होतं, सांगते.

तुला माहीत आहे, तो फोटो किती फिका पडलाय. आईचा कोट कुठल्या रंगाचा होता हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्या छोट्या चौकोनाखाली अडतीस वर्षं उजेड गेला नव्हता, तिथला रंग कालच्यासारखा आहे. दगडी फरशी. बाबांच्या खोक्याची मागची कड. त्याला टेकून एक पिशवी. पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेला डबा, आणि डब्याला बांधलेला निळ्या चौकड्यांचा पट्टा.

माझ्या जुन्या फ्रॉकचा पट्टा, दादा. डब्याची कडी तुटली होती आणि नवा डबा घ्यायचा नव्हता म्हणून आईने तो पट्टा फाडून बांधला होता. रोज सकाळी ती त्याला दुहेरी गाठ मारायची. बाबांना ती सुटायची नाही म्हणून कुरकुर करायचे.

आता फोटोतल्या आईकडे बघ. तिची नजर खाली आहे. आपण म्हणायचो, हिला फोटो काढून घेता येत नाही, ऐन वेळी डोळे मिटते. तिचे डोळे उघडे आहेत. मी भिंगातून पाहिलं. ती डब्याकडे बघतेय. तू बटण दाबलंस त्याच क्षणी तिला कळलं. आणि परत आल्यावर तिने त्या डब्यावर बाबांचा फोटो खळीने पक्का चिकटवला, म्हणजे बाबांना कधी कळू नये की तिला कळलंय.

फ्रेमवाला म्हणाला, "काय सापडलं बाई?"

मी म्हटलं, "डबा."

तो म्हणाला, "कोणाचा?" मी फोटो त्याच्यापुढे सरकवला.

त्यानंतर नऊ महिने आपण तिथे होतो. नऊ महिने तिने रोज सकाळी तो डबा भरला. दारात उभं राहून तिचं ते ठरलेलं वाक्य, आठवतं? "मशीनजवळ बाही सांभाळा." मशीन नव्हतं, तिला माहीत होतं, आणि तरी रोज म्हणायची. तेही रोज "हो" म्हणायचे. दोघंही एकमेकांना सांभाळून घेतल्याच्या समाधानात म्हातारी झाली आणि गेली. मला आईचा इतका राग आलाय की काय सांगू. नऊ वर्षं झाली तिला जाऊन, आणि मला तिच्या खोलीत जाऊन भांडावंसं वाटतंय. "येतील ग, दमलेले असतात" म्हणे!

हे तुला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, असतं तर त्यांनी तुला सांगितलं असतं. तू समजत होतास की सगळं गुपित तुझ्याच खिशात आहे. घे. आता तुझी पाळी. बघ कसं वाटतं, आपल्याच घरातली गोष्ट सगळ्यात शेवटी कळल्यावर.

हे लिहून मला फार बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मी दोनदा खोटं लिहिलं. तोंडानेही खोटंच सांगितलं होतं. बाबा बोलले होते.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. मी चमच्याने पाणी पाजत होते, पाणी गालावरून ओघळत होतं, मी दमले होते, रजा संपत आली होती आणि तुझं विमान उशिरा होतं. फोटो समोरच्या भिंतीवर. माझं तोंड सुरू होतं, नेहमीचंच. कोणासाठी किती केलं, कोणी किती केलं. त्यातच म्हटलं, "साध्या एका फोटोत उभं राहायला तुम्हाला वेळ नव्हता. पोरीचा वाढदिवस होता तो."

त्यांनी डोळे उघडले. दोन दिवसांनी उघडले होते. आणि स्वच्छ म्हणाले, "होतो की ग."

मी म्हटलं, "हो, होतात. कोपऱ्यात. चिकटवलेले."

ते हसले, दादा. ओठाची एक बाजू वर गेली. मला वाटलं, झटका आला. मी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, पेशंट बरळतोय, असंबद्ध बोलतोय. त्यांनी झोपेचं औषध वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. मीच दिलं, माझ्या हाताने, हलक्या हाताने. त्यानंतर ते बोलले नाहीत.

तू एक ओळ लिहिली असतीस. एक फोन, आवाज तुटला असता तरी चाललं असतं. मी खुर्चीवर चढून ती फ्रेम काढली असती आणि त्यांच्या छातीवर ठेवून म्हटलं असतं, बरोबर, चार दहाला तुम्ही इथेच होतात. एवढं वाक्य. ते ओशाळणं मला आयुष्यभर पुरलं असतं आणि मी ते आनंदाने वागवलं असतं.

फोटो मिळणार नाही. लेकीला हवा असेल तर तिला घेऊन ये, आणि तिला सांग, 'कोणीही त्यांना हलवू शकत नसे' याच्या खाली आत्याला एक ओळ लिहायचीय. मला तुझ्याशी भांडायचंय, पत्रातून नाही, समोरासमोर. चार वाजता चौकात भेटतो असं काही कळवू नकोस. सरळ दारात ये, आणि तोंडाला काही न फासता ये.

ठिणगी